साडूंची नऊ दिवसांची वाट

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून जेवढे डोंगर आहेत, त्या सगळ्यांचं वजन आमच्या घरमालकांच्या साडूंना किलोमध्ये ठाऊक होतं, असं मी आजही शपथेवर सांगेन. डोंगराची उंची सांगणारी माणसं पुष्कळ भेटतात. साडू वजन सांगत. "यवतेश्वर म्हंजे बारा किलो," ते म्हणायचे, "जरंडेश्वर साडेचौदा. सज्जनगडाला पायऱ्या हायत, त्यो काय धरू नको." याचा अर्थ एवढाच, की तेवढं ओझं पाठीला बांधून तो डोंगर न थांबता चढता येतो, हे त्यांनी स्वतः चढून पाहिलं होतं. मापल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही मानलं नाही. बाहेर पाऊस लागलाय असं कुणी सांगितलं, तर अंगणात हात काढून बघत आणि मगच "व्हय" म्हणत.

ते सांगलीच्या हळदीच्या बाजारात एका अडतीच्या दुकानात मापाडी होते. तीस वर्षं काट्यापुढे उभं राहून त्यांनी पोत्यांची वजनं मोठ्यानं सांगितली होती. हळद त्यांच्या नखांत, कानांच्या पाळ्यांत, सदऱ्याच्या कॉलरीत कायमची जाऊन बसली होती. पन्नाशी ओलांडलेले हे गृहस्थ बाराही महिने हळद लागलेल्या नवरदेवासारखे दिसत. ज्या बाईमुळे ते आमच्या घरमालकांचे साडू झाले, ती घरमालकीणबाईंची धाकटी बहीण, सहा वर्षांपूर्वी गेली होती. मूलबाळ नव्हतं. नात्याचा धागा तुटला, पण नाव राहिलं, आणि तेही असं पसरलं की साताऱ्यातल्या आमच्या बोळात दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना साडूच म्हणत. एवढ्या लोकांचा एकच साडू असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी त्या वेळी तेवीस वर्षांचा होतो आणि घरमालकांच्या माडीवर एका खोलीत राहत होतो. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती आणि रॉकेलच्या रांगा मात्र सरल्या नव्हत्या. मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. वडील कारखान्यात फिटर, युनियनचे. आमच्या घरी पंचांग नव्हतं, पत्रकं होती. मी लिहायला शिकलो ते पहिलं जोडाक्षर 'क्रांती'तलं. आता मी स्वतः एक चारपानी काढत होतो, गुलाबी कागदावर, महिन्यातून एकदा, आणि जगातल्या कुठल्याही अन्यायाला माझ्या चार पानांत जागा कमी पडू देत नव्हतो. एका शनिवारी मी अशाच एका सभेहून परत आलो. सभेला सातजण आले होते, त्यांतले दोघे चुकून. पायरीवर साडू एक खाकी पिशवी पुढ्यात घेऊन बसले होते आणि तिच्यात लोखंडी वजनं रचत होते. पाच किलोचं, दोनचं, एकचं. प्रत्येकावर सरकारी शिक्का.

"ही कशाला?" मी विचारलं.

"डोंगराला."

"मग दगड भरा की. डोंगरात दगडांना काय तोटा?"

साडूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "दगडाचं वजन कुणी तपासलंय?"

मग त्यांनीच सांगितलं. बायको गेल्यावर त्यांनी एक रविवार घरात बसून काढला होता. "लय लांब असतोय रं रविवार. दुकानातल्या सहा दिवसांएवढा भरला." पुढच्या शनिवारी दुकान सुटल्यावर ते एस.टी.त बसले, कराड-उंब्रज करत साताऱ्याला मेहुणीकडे आले आणि सकाळी अजिंक्यतारा चढून आले. तेव्हापासून दर शनिवारी येत. पण अजिंक्यतारा, यवतेश्वर ही सगळी तालीम होती. खरी कुस्ती पुढं होती. त्यांच्या बाजारात कोयनेकडच्या रानातून आलेला एक हमाल होता. त्यानं त्यांना सांगितलं होतं, की महाबळेश्वरापासून डोंगराच्या कण्याकण्यानं माणूस आंबा घाटापर्यंत चालत जाऊ शकतो. त्याचा आजा तसा चालत गेला होता. साडूंनी हिशेब मांडला. नऊ दिवस. अठरा किलो.

"एकटे जाणार?"

"तेच तर अडलंय," साडू म्हणाले. "एकट्यानं गेलो तर त्यो नऊ दिवसांचा रविवारच झाला की. उद्या मोकळा हायस का गड्या?"

मी मोकळा होतो. सभेला सातजण आल्यावर माणूस मोकळाच असतो. दुसऱ्या दिवशी यवतेश्वरच्या माथ्यावर मी त्यांना शब्द दिला, की नऊ दिवसांची वाट आपण दोघं मिळून चालू. हा शब्द त्यांनी ज्या गांभीर्यानं घेतला, त्या गांभीर्यानं माझा एकही ठराव आजवर कुणी घेतलेला नव्हता.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही रविवारी चालत होतो. साडूंबरोबर चालणं म्हणजे एखाद्या घटनेच्या कलमांखाली चालणं होतं. पहिलं कलम असं, की सूर्य बुडायच्या आत जेवण उरकलं पाहिजे. साडू जैन; मावळल्यावर ते अन्नाला शिवत नसत. त्यामुळे चार वाजले की त्यांचं सगळं लक्ष पश्चिमेकडे. पाटेश्वरहून उतरताना एकदा आम्हाला उशीर झाला. समोरच्या डोंगराआड सूर्य अर्धा गेला, तसे साडू डबा उघडून धावत धावत चढ चढू लागले. मला वाटलं, उन्हाचा परिणाम. पण ते वीस-पंचवीस हात वर गेले, तिथून सूर्य पुन्हा वीतभर दिसत होता, आणि तिथं उभ्यानं त्यांनी दीड भाकरी संपवली. "हितं अजून दीस हाय," खालून बघणाऱ्या मला त्यांनी तोंडात घास असतानाच कळवलं. दुसरं कलम चातुर्मासाचं. आषाढापासून कार्तिकापर्यंत ते सांगलीची वेस ओलांडत नसत, आणि सांगलीत तर टेकाडसुद्धा नाही. पण साडू हरणारे नव्हते. सांगलीला लागूनच, साडूंच्या हिशेबी वेशीच्या आतच, हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं आहेत, दोन माणसं खोल. चातुर्मासात साडू एका रिकाम्या पेवात शिडी लावून पाठीवर पिशवी बांधून उतरत आणि चढत, रोज पन्नास वेळा. "चढ त्यो चढ," त्यांचं म्हणणं. "तो जमिनीच्या वर हाय का खाली, हे पायाला काय कळतंय?" मला ते पटलं. पहिल्या वर्षी कार्तिक संपल्यावर ते आले, तेव्हा भुवयांसकट पिवळे होते आणि जरंडेश्वरला त्यांनी मला अर्धा तास मागं टाकलं.

चालताना मी बोलत असे. जमीन कसणाऱ्याची, मजुरी, धर्म, कर्मकांड, काहीही. साडू चढावर श्वास राखून फक्त "व्हय, व्हय" म्हणत. एवढा सबुरीचा श्रोता मला तोवर मिळाला नव्हता, आणि त्यालाही दिवसभर बोलणारं माणूस तोवर मिळालं नव्हतं, हे माझ्या ध्यानात यायला फार वेळ लागला. त्यांच्या आठवड्याविषयी मी कधी विचारलं नाही. मला शेतमजुरांच्या आठवड्याची काळजी होती.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत आम्ही चंदन-वंदनला गेलो. हे दोन जुळे गड आहेत, मधे खिंड. पायथ्याच्या वाडीत विहीर आहे. तिथं साडूंनी पाणी गाळलं. हे तिसरं कलम. त्यांच्यात पाणी जाड फडक्यातून गाळून पितात, आणि फडक्यावर जे डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, ते गाळलेल्याच पाण्यानं धुवून पुन्हा त्याच विहिरीत सोडतात. ज्याचं पाणी त्याचे जीव. त्या दिवशी मात्र मी किमान मजुरीवर बोलत होतो, आवाज चढला होता, आणि साडूंनी "व्हय, व्हय" म्हणत फडकं तसंच घडी करून पिशवीत टाकलं. खिंडीत पोचल्यावर त्यांनी पिशवीत हात घातला आणि ते पांढरे पडले. हळदीखालूनही दिसलं.

"थांब. घोळ झाला."

"काय झालं?"

"वाडीच्या विहिरीतली मंडळी माझ्यासंगं आल्यात."

मी म्हटलं, "वर गडावर टाकं आहे, त्यात सोडा."

"आरं, तुला उंब्रजला उतरायचं हाय आणि कंडक्टरनं आटपाडीला उतरवलं, तर चालंल का? तिथं त्यांचं कोण हाय?"

"साडू, ते किडे आहेत. दिसतसुद्धा नाहीत!"

"न्हाई दिसत म्हणून तर जपायचं," ते म्हणाले, आणि निघाले. फडकं सुकू नये म्हणून ते बाटलीतलं पाणी त्याच्यावर थेंब थेंब सोडत उतरत होते. स्वतःचं प्यायचं पाणी. मी खिंडीतल्या दगडावर बसून राहिलो. मागून सूर्य सरकत होता आणि वंदनगड माझ्या डोळ्यांदेखत हातचा जात होता. मला संताप आला, आणि संताप आला की मी लिहितो. साडू सुकल्या ओठांनी परत आले, "पोचवलं" म्हणाले, तोवर माझ्या वहीत लेख पुरा झाला होता.

तो लेख मी माझ्या चारपानीत पहिल्या पानावर छापला. नाव कुणाचंच घातलं नव्हतं, पण लोखंडी वजनं पाठीवर घेऊन डोंगर चढणारा पिवळा मापाडी महाराष्ट्रात दुसरा नव्हता. मी लिहिलं होतं, की हे गृहस्थ विहिरीतल्या किड्यांना घरी पोचवायला दीड तास डोंगर उतरतात. पण ज्या पोत्यांची वजनं ते तीस वर्षं ओरडून सांगत आले, ती पोती ज्या पाठींवरून जातात त्या पाठी त्यांना दिसतात का? ते पोतं पाठीला कसं लागतं, हे त्यांनी एकदा तरी मापलं आहे का? हे वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते छापखान्यात दोनदा मोठ्यानं वाचलं.

अंक निघाला त्या शनिवारी साडू आले नाहीत. पुढच्याही नाहीत. तिसऱ्या आठवड्यात घरमालक काही कामानं सांगलीला जाऊन आले आणि जिना चढून माझ्या खोलीत आले. दोन वर्षांत ते प्रथमच वर आले होते.

"तुमचं पत्रक पोचलं बाजारात," ते म्हणाले. "हमालांच्या चहाच्या टपरीवर वाचून दाखवलं म्हणं कुणीतरी. 'काय अण्णा, पाव्हणं पोचलं का विहिरीत?' असं आठ दिवस चाललं हुतं."

"त्यांना वाईट वाटलं?"

"वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं ते मनावर घेतलं." घरमालक खिडकीकडे बघत बोलत होते. "एक दिवस काट्यावरनं पोतं उतरलं, तसा हमालाला म्हणला, माझ्या पाठीवर दे. हमाल हसला. म्हणला, अण्णा, मोडशीला. ह्यानं वाकून पाठ केली आन् सोडंना. क्विंटलचं पोतं. दोघांनी मिळून ठिवलं. सतरा पावलं चालला. अठराव्याला कणा बोलला. हमालांनीच उचलून बाजूला घेतला. पडल्या पडल्या म्हणत हुता, सतरा झाली, अठरा कुणी सांगू नका. डाक्टर म्हणतोय, आता वजन न्हाई, डोंगर न्हाई."

खाली घरमालकीणबाई भांडी घासत होत्या. ती नेहमीपेक्षा जास्त वाजत होती.

मी सांगलीला जायला हवं होतं. सवड नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तोंड नव्हतं. जगातल्या यच्चयावत सत्ताधाऱ्यांना जाब विचारणारा मी, एका आजारी माणसाच्या दारात उभं राहायला घाबरलो. रविवारी मी एकटाच यवतेश्वरला गेलो आणि अर्ध्यावरून परत आलो. कुणी "व्हय" म्हणत नव्हतं.

दीड महिन्यानं एका शनिवारी संध्याकाळी साडूच आले. कमरेला रुंद पट्टा, हातात काठी, एस.टी.च्या धक्क्यांनी चेहरा ओढलेला. पायरीवर बसायला त्यांना भिंत धरावी लागली. मी समोर उभा राहिलो.

"तुझ्या लेखात एक चूक हाय," ते म्हणाले.

"सांगा."

"दीड तास लिवलंस. एक तास चाळीस मिनिटं लागली हुती."

"आणि बाकीचं?"

"बाकी बराबर हाय." ते काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढत राहिले. "पोतं लय जड असतंय रं. तीस वर्सं मी नुसता आकडा सांगत हुतो."

"साडू, माझं चुकलं."

"खोटं लिवलंस का?"

"नाही."

"मग?"

"तुम्हाला विचारून लिहायला पाहिजे होतं."

"ते मातर हाय," साडू म्हणाले. मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. नऊ दिवसांचे नऊ टप्पे, त्यांच्या टोकदार अक्षरात. कुठल्या धनगरवाड्यावर ताक मिळतं, कुठल्या देवळात मुक्काम, सूर्य कुठं आणि कवा मावळतो. "फाल्गुनात निघायचं ठरलंय आपलं. तारीख मोडायची न्हाई. दोघांतला एक तरी गेला पायजे."

"तुमच्याशिवाय मी जाणार नाही."

"मग माझी दोन वर्सं कुठं टाकू?"

मी गेलो.

महाबळेश्वरहून निघालो तेव्हा पहिल्या दिवशी मी स्वतःशी भाषण केलं. दुसऱ्या दिवशीही केलं. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की मी मधे मधे थांबतोय, समोरच्यानं काही म्हणावं म्हणून, आणि समोर कोयनेचं पाणी खाली निळं पडलेलं, वर घार, बाकी कुणी नाही. चौथ्या दिवसापासून मी गप्प झालो. रान इतकं मोठं आणि इतकं शांत होतं, की त्यात माझा आवाज मलाच उसना वाटायला लागला. एका धनगरवाड्यावर म्हातारीनं ताक दिलं आणि विचारलं, "संगं कोन न्हाई व्हय रं?" मी म्हटलं, येणार होते एकजण. "मग का न्हाई आलं?" मी सांगायला तोंड उघडलं, आणि जे मी पहिल्या पानावर छापलं होतं, ते त्या म्हातारीला सांगता येईना. पाठ दुखते म्हणालो. ती म्हणाली, "आसंल. वज्जं वाहिलं आसंल कुनाचं तरी." मी ताक पिऊन उठलो. पुढच्या पाच दिवसांत मी कुणाशी दहा वाक्यंही बोललो नसेन. नवव्या दिवशी आंबा घाटात डांबरी सडक लागली, तेव्हा पोचल्याचा आनंद झाला नाही. फक्त आता कुणालातरी सांगता येईल, एवढंच वाटलं.

मी साताऱ्याला गेलो नाही. कोल्हापूरवरून थेट सांगलीला गेलो, तसाच, मळक्या कपड्यांनी. बाजारात हळदीच्या ढिगामागं साडू एका स्टुलावर बसले होते. काट्यावर दुसरा मापाडी होता. साडू आता आकडे लिहून घेत. मला बघून त्यांनी लेखणी कानावर ठेवली आणि दुकान मिटेपर्यंत मला प्रश्न विचारले. पहिल्या टप्प्याला किती वेळ? तिसऱ्या दिवशी चढ डाव्या हाताला का उजव्या? ताक आंबट हुतं का? वासोट्याच्या अंगाला पाय किती घसरतो? ते डोळे अर्धे मिटून ऐकत होते. उतार आला की त्यांचे गुडघे धोतरातल्या धोतरात हलकेच वाकत, हे मी पाहिलं. मी मोजून सगळं सांगितलं, मिनिटांसकट. आयुष्यात प्रथमच मी एकही मत दिलं नाही.

शेवटी ते म्हणाले, "आन् बोलायला कोण हुतं?"

"कुणी नाही."

"नऊ दिवस?"

"नऊ दिवस."

साडूंनी मान हलवली. त्यांनी मला समजावलं नाही, की चिडवलं नाही. काठीवर भार देऊन उठले आणि म्हणाले, "चल घरला. भाकरी करतो. दीस हाय अजून."

आम्ही बाजाराबाहेर पडलो. त्यांचं पाऊल आता वीतभर पडे. मी माझं पाऊल त्यांच्या पावलाला जुळवायला लागलो, तसे ते खेकसले, "माझ्यासाठी हळू चालू नको रं! डोंगर चालून आलायस, चाल की नीट. हो पुढं. मी येतो मागनं."

मी पुढं झालो. सवयीनं चाल लागली आणि बघता बघता पन्नास-साठ पावलं पुढं गेलो. कोपऱ्यावर पोचलो, तर तिथून तीन बोळ फुटत होते. एकात लहान मुलं गोट्या खेळत होती, एकात कुणीतरी दारातल्या नळावर पाणी भरत होतं, तिसरा रिकामा होता. दोन वर्षं ज्या माणसाबरोबर मी डोंगर चढलो, तो कुठल्या बोळात राहतो हे मला माहीत नव्हतं. मी मागं वळून पाहिलं. साडू काठी टेकत, रस्त्याच्या कडेकडेनं, सावकाश येत होते. मी तिथंच उभा राहिलो.